आपलं पुस्तक नेमकं कोणासाठी? नव्या लेखकांकडून वारंवार येणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या घरी गेली काही वर्षं हस्तलिखितं येतात. मी ती वाचते, समासात खुणा करते, लेखकाशी बसून बोलते. कोणी जतहून एसटीनं वही घेऊन येतं, कोणी कराडहून व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवतं. शुद्धलेखनाचे, प्रकाशकाचे, पैशांचे प्रश्न असतातच. पण बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतं: हे वाचणार कोण? त्याबद्दल पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांचे शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टार्गेट ऑडियन्स म्हणजे नक्की काय? वय आणि शहर लिहिलं की झालं का?

नाही. "२५ ते ४५ वयोगट, सुशिक्षित, मराठी भाषक" हे जनगणनेचं वर्णन झालं. त्यात मिरजेतली नर्स बसते, कवठेमहांकाळचा बागायतदार बसतो आणि साताऱ्यात पोवई नाक्यावर दुकान चालवणाराही बसतो. या तिघांनी एकच पुस्तक का उचलावं, हे त्यातून कळत नाही.

मी "अपेक्षित वाचक" हा शब्द वापरते. त्याच्याबद्दल आधी चार गोष्टी विचारते. त्याला सध्या काय हवंय किंवा काय सलतंय? तो कधी आणि कुठे वाचतो? आजवर त्यानं काय आवडीनं वाचलंय? आणि पुस्तक त्याच्यापर्यंत कोणाच्या हातून पोचणार? वय, शिक्षण, गाव हे सगळं त्यानंतर.

उदाहरण घेऊ. मिरजेच्या दवाखान्यात रात्रपाळी करणारी तिशीतली नर्स. पहाटे तीनच्या सुमारास वॉर्ड शांत झाला की ती मोबाइलवर कथा वाचते. मध्येच बेल वाजते, उठावं लागतं. एवढं समजलं तरी लेखकाला पुष्कळ समजलं: कथा आटोपशीर हव्यात, परिच्छेद छोटे हवेत, सोडलेला धागा परत सापडायला हवा आणि छापील पुस्तकासोबत ई-पुस्तकही हवं.

२. पण माझं पुस्तक खरंच सगळ्यांसाठी आहे. एकच वाचक धरून बाकीच्यांना का तोडू?

बाकीच्यांना कोणी तोडत नाही. लिहिताना समोर कोण बसलंय, एवढंच ठरवायचं आहे. ते ठरलं नाही की काय होतं, हे महापुरावरच्या एका हस्तलिखितात मी जवळून पाहिलं.

लेखक नदीकाठच्या पेठेतले, २०१९ चा पूर स्वतः सोसलेले. एका पानावर त्यांनी लिहिलं होतं, "सांगलीतील कृष्णा नदीवर आयर्विन नावाचा पूल असून तेथे पाण्याची पातळी फुटांत मोजली जाते." हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पुढच्याच पानावर होतं, "आयर्विनला ४५ झाले आणि आईने देवघरातल्या मूर्ती पिशवीत भरल्या." सांगलीकराच्या अंगावर इथे काटा येतो, कारण ४५ फूट ही धोक्याची पातळी आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. नागपूरच्या वाचकाला मात्र ४५ म्हणजे काय, हे कोणी सांगितलेलंच नाही. आधीच्या पानावर गाववाला कंटाळला, पुढच्या पानावर परगावचा हरवला.

मी विचारलं, हे तुम्ही कोणाला सांगताय? थोडं थांबून ते म्हणाले, "नातीला. पुरानंतर जन्मली ती." मग सगळं सुटत गेलं. माहिती देणारं वाक्य काढलं. त्याच्या जागी वडील दर तासाला आयर्विनचा आकडा जिन्याच्या भिंतीवर खडूनं लिहितात, असा प्रसंग आला. ४० ला मोटारसायकल उंचावरच्या गल्लीत नेली, ४५ ला मूर्ती पिशवीत गेल्या. नातीला समजलं, म्हणजे नागपूरकरालाही समजलं आणि सांगलीकरालाही ते आपलंच घर वाटलं.

३. वाचक लिहायच्या आधी ठरवायचा की लिहून झाल्यावर?

कथा, कादंबरी, ललित असेल तर पहिला खर्डा मोकळ्या मनानं लिहून टाका. दुसऱ्या खर्ड्याला बसण्याआधी वाचक ठरवा. माहितीपर पुस्तकाचं उलट आहे. तिथे पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवावं लागतं, कारण सगळी मांडणीच वाचकावर अवलंबून असते (प्रश्न ८ पाहा).

४. शोधायला सुरुवात कुठून करू? मार्केट सर्व्हे वगैरे मला जमणार नाही.

सर्व्हेची गरज नाही. वहीत पाच माणसांची नावं लिहा. खरी, तुमच्या ओळखीतली, ज्यांनी हे पुस्तक वाचावं असं तुम्हाला मनापासून वाटतं अशी. घरच्यांची नकोत आणि सहलेखकांचीही नकोत. घरचे तुमच्यासाठी वाचतात, लेखक स्वतःसाठी वाचतात. पाच नावं सुचत नसतील तर तीही माहितीच आहे: तुम्ही ज्यांच्यासाठी लिहिताय त्यांच्यात अलीकडे तुमचं जाणं-येणं राहिलेलं नाही. आधी ते सुरू करा.

त्यातल्या दोघा-तिघांना एक प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांचं मत शेवटी विचारा. आधी त्यांचं तोंड बघा. चहाचा कप कुठल्या ओळीला उचलला, मोबाइल कुठे चाळला, "म्हंजे?" कुठे विचारलं, हे हस्तलिखितात पेन्सिलीनं टिपून ठेवा. लोक "छान आहे" म्हणतात ते प्रेमापोटी. ही टिपणं जास्त विश्वासाची.

मग जवळच्या सार्वजनिक वाचनालयात जा आणि ग्रंथपालांशी बोला. कोणतं पुस्तक कोण नेतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. जुन्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची पट्टी बघा. तुमच्या विषयावरची दोन पुस्तकं शेजारी ठेवा. एकाच्या पट्टीवर शिक्के मावत नाहीत, दुसऱ्यावर सहा वर्षांत तीनच शिक्के. दोन्ही उघडून पहिली दहा पानं वाचा. फरक कशात आहे तो तुमचा तुम्हालाच दिसेल.

जमलं तर एक दिवस भिलारला घालवा. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं हे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून उभं राहिलं. तिथे घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत आणि कोणीही जाऊन वाचत बसू शकतं. पुस्तक विकत घ्यायचं दडपण नसताना माणूस काय उचलतो, किती पानांनंतर खाली ठेवतो, हे बघायला इतकी चांगली जागा आपल्या भागात दुसरी नाही.

जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्याला ९९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा ग्रंथप्रदर्शनात मी एका गाळ्याच्या कडेला बराच वेळ उभी होते. बहुतेकांचा क्रम ठरलेला: मुखपृष्ठ, उलटून मलपृष्ठ, किंमत, मग मधलंच एखादं पान. प्रस्तावना उघडणारा क्वचित. एक आजी मात्र प्रत्येक पुस्तकाचं एक पान अंगठ्यानं दाबून डोळ्यांपासून लांब धरायच्या. त्या मजकूर वाचतच नव्हत्या, टाइप केवढा आहे ते बघत होत्या.

५. माझ्या विषयावर आधीच चांगली पुस्तकं आहेत. माझा वाचक त्यांनीच घेतला ना?

उलट, वाचक आहे याचा तो पुरावा. ती पुस्तकं वाचलेल्या माणसाला गाठा आणि विचारा, "वाचून झाल्यावर काय राहिलं?" तुमचं पुस्तक तिथून सुरू होतं. ज्या विषयावर एकही पुस्तक नाही तिथे मी जास्त सावध होते.

६. मुलांसाठी लिहितो. वाचणार मूल, पैसे देणार पालक. मग मी कोणाला धरू?

आतल्या पानांवर फक्त मुलाला. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि किंमत ठरवताना पालकाला आणि शिक्षकाला. ही गल्लत फार होते. गोष्टीत मध्येच "म्हणून मुलांनो, पाणी जपून वापरा" असं वाक्य येतं, ते मुलासाठी नसतंच, विकत घेणाऱ्या वडिलांसाठी असतं. मुलाला ते लगेच कळतं आणि ते पुस्तक मिटतं.

आपल्याकडे ही फूट फक्त बालसाहित्यात नाही. निवृत्तीच्या समारंभात पुस्तक देणारा वेगळा, वाचणारा वेगळा. वाचनालयात निवड करणारी समिती वेगळी, नेणारा सभासद वेगळा (प्रश्न ९). स्पर्धा परीक्षेचं पुस्तक विटा-आटपाडीकडच्या मुलाच्या हातात असतं, पण पैसे गावाकडून आलेले असतात. मुलाला सराव हवा असतो, वडिलांना खात्री. तेव्हा कागदावर दोन नावं लिहा: वाचणारा आणि घेणारा. दोघांना काय हवंय ते वेगवेगळं लिहा. आत काय लिहायचं ते पहिल्या नावावर ठरवा, बाहेर काय लिहायचं ते दुसऱ्यावर.

७. आमच्या बोलीत लिहिलं तर पुण्या-मुंबईचा वाचक तुटेल का?

हा प्रश्न माणदेशातून, जतकडून, कोरेगावातून सारखा येतो आणि विचारताना आवाज जरा खाली गेलेला असतो. तसा तो जायचं काही कारण नाही. सांगलीच्या ताराबाई भवाळकरांनी बायकांच्या ओव्या, लोककथा, लोकपरंपरा यांवर आयुष्यभर काम केलं आणि २०२५ मध्ये दिल्लीच्या ९८ व्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. आपल्या आयाबायांच्या तोंडची भाषा देशाच्या राजधानीत मानानं ऐकली गेली.

आता व्यवहाराचं. परका वाचक शब्दांमुळे तुटत नाही, तो प्रसंग न कळल्यानं तुटतो. "म्या सकाळच्याला मळ्यात गेल्तो" हे मुंबईकराला कळतं. "मोट", "नाडा", "सोंदूर" एका ओळीत ओतले की तो थांबतो. एका प्रसंगात एकच अनोळखी शब्द ठेवा आणि वस्तू हातात दिसू द्या. नाडा कोणी ओढतोय, तळहाताला घट्टे पडलेत, एवढं दिसलं की शब्दाचा अर्थ आपोआप लागतो. मागे शब्दसूची जोडायला माझी हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नका. गोष्ट रंगात आली असताना पानं उलटून शेवटी कोणी जात नाही.

आणि तुमचा अपेक्षित वाचक तुमच्याच गावचा असेल, तर उलटी काळजी घ्या. त्याला बोलीतली खोट लगेच कळते. दहिवडीचा माणूस दहिवडीसारखाच बोलला पाहिजे, सिनेमातल्या खेडवळासारखा नाही.

८. द्राक्षावर पुस्तक लिहितोय. शेतकरी पुस्तकं वाचत नाहीत म्हणतात, खरं का?

खरं नाही. त्याच्या कामाच्या क्रमानं लिहिलेलं, त्याच्या डोळ्यांना दिसणारं आणि त्याच्या हंगामात हातात आलेलं पुस्तक तो वाचतो, जपून ठेवतो, शेजाऱ्याला उसनंही देतो. हे मी एक चूक करून शिकले, म्हणून सविस्तर सांगते.

द्राक्षाच्या रोगांवरची एक पुस्तिका मी संपादित केली होती. मजकूर जाणकारानं लिहिलेला, चोख. प्रकरणं रोगांच्या नावांनुसार लावली: भुरी, डाऊनी, करपा. टाइप ११ पॉइंट, फवारणीचे तक्ते त्याहून बारीक, म्हणजे पानं कमी लागतात. पुढे तासगावकडच्या एका बागेत गेले तेव्हा शेडमध्ये ती पुस्तिका दिसली. बागेचे मालक पन्नाशी ओलांडलेले. त्यांनी तक्त्याचं पान उघडलं, हात लांब केला, मग खिशातून मोबाइल काढून पानाचा फोटो घेतला आणि तो दोन बोटांनी मोठा करून वाचायला लागले. मी काही बोलले नाही. मग ते म्हणाले, "ताई, आज छाटणी होऊन पस्तिसावा दिवस हाय. पस्तिसाव्या दिवशी काय करायचं ते ह्यात कुठं बघायचं?"

बागायतदार रोगांच्या नावांनी विचार करत नाही, तो छाटणीपासून दिवस मोजतो. पुढच्या आवृत्तीत सगळा मजकूर दिवसांच्या क्रमानं लावला, टाइप १४ केला, तक्त्यांना पूर्ण पान दिलं. एक फॉर्म, म्हणजे १६ पानं, वाढला. किंमत थोडी वाढली आणि एकाही शेतकऱ्यानं तिच्याबद्दल विचारलं नाही.

वेळेचंही तसंच. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, जानेवारीपासून काढणी आणि मग बेदाणा. मार्चमध्ये प्रकाशन ठेवलं तर सभागृहात फक्त पाहुणे असतील. जुलै-ऑगस्टमध्ये पुस्तक हातात पडलं तर फळछाटणीच्या आधी वाचून होतं. उसावर लिहिणाऱ्यानं गळीत हंगाम, हळदीवर लिहिणाऱ्यानं सांगली बाजारातले सौदे डोळ्यापुढे ठेवावेत.

९. वाचनालयांनी पुस्तक घ्यावं यासाठी काय करायचं?

आधी वाचनालय ही एकच गोष्ट आहे असं समजू नका. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि त्यांचं अनुदान वर्गानुसार ठरतं. शहरातल्या अ वर्गाच्या वाचनालयात चोखंदळ सभासद असतात, ते नवीन पुस्तकाची मागणी स्वतः नोंदवतात. खेड्यातल्या ड वर्गाच्या वाचनालयाचा पुस्तकांवरचा खर्च तुटपुंजा, तिथे प्रत्येक प्रत विचार करून घेतली जाते. एकच पत्र दोघांना पाठवू नका. पहिल्याला पुस्तकाचा विषय आणि शैली सांगा. दुसऱ्याला गावातला कोणता सभासद हे नेईल ते सांगा.

शासनमान्य ग्रंथयादीसाठी पुस्तक पाठवता येतं. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवातही हजेरी लावा. पुस्तकावर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, हवा. भारतात तो विनाशुल्क मिळतो, त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ते मध्यस्थीचे पैसे आहेत, हे लक्षात ठेवा.

१०. फेसबुकवर माझे पाच हजार मित्र आहेत. तोच माझा वाचकवर्ग धरू का?

त्यातला एक हिस्सा धरा. तुमच्या लांब पोस्टखाली लाइकच्या पुढे जाऊन स्वतःचा अनुभव लिहिणारे कोण आहेत, त्यांची यादी करा. साधारण तीच पंधरा-वीस नावं पुन्हा पुन्हा येतात. ती माणसं कोण आहेत, काय करतात, तुमच्या कोणत्या विषयाला थांबतात, ते बघा. वाढदिवसाच्या फोटोवर आठशे शुभेच्छा देणारे पुस्तक घेतीलच असं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. ते तुमचे मित्र आहेत, वाचक असायलाच हवेत असं कुठे आहे?

व्हॉट्सअ‍ॅपच्या गावकी-भावकीच्या गटांवर रोज जाहिरात टाकू नका. एखादं पान, तेही त्या गटाला लागू पडणारं, महिन्यातून एकदा टाका.

११. शीर्षक, मुखपृष्ठ आणि किंमत ठरवताना वाचकाचा कसा विचार करायचा?

शीर्षक वाचकाला फोनवर उच्चारता आलं पाहिजे. "ते अमुक पुस्तक आहे का हो?" असं दुकानात विचारताना जीभ अडखळली तर माणूस विचारायचंच टाळतो. संस्कृतप्रचुर, जोडाक्षरांनी भरलेली शीर्षकं ज्यांना आवडतात असे वाचक आहेत. तुमचा वाचक त्यांच्यातला असेल तर खुशाल ठेवा.

मुखपृष्ठाचे दोन-तीन नमुने छापून प्रश्न ४ मधल्या पाच जणांपुढे ठेवा आणि "कोणतं आवडलं?" असं न विचारता "हे पुस्तक कशाबद्दल असेल?" असं विचारा. एका कादंबरीच्या मुखपृष्ठावर लेखकाला विहीर हवी होती. पाचपैकी चौघांनी ते जलसंधारणाचं पुस्तक सांगितलं. विहीर गेली.

मलपृष्ठावर मान्यवरांचे अभिप्राय भरण्याऐवजी पुस्तकातला चांगला उतारा द्या. किंमत ठरवताना विक्रेता-वितरकाची सवलत आधी वजा करून बघा. ती छापील किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त असते. ते गणित न मांडता वाचकाला परवडेल म्हणून किंमत खाली आणली की पुनर्मुद्रणाला पैसेच उरत नाहीत.

१२. कवितासंग्रहाला वाचक असतो का?

असतो, पण तो बहुतेकदा आधी ऐकतो आणि मग वाचतो. म्हणून कवीनं वाचक शोधण्याआधी श्रोता शोधावा. मकर संक्रांतीला कृष्णाकाठी औदुंबरला साहित्य संमेलन भरतं, तिथे एकदा मागच्या रांगेत बसून बघा. कोणत्या ओळीला माना हलतात, कोणती ओळ माणसं घरी जाताना तोंडात घोळवतात. संग्रहातला क्रम लावताना त्या कविता पुढे घ्या. पहिली आवृत्ती लहान काढा. डिजिटल छपाईमुळे शे-दोनशे प्रती काढणं आता शक्य आहे, हजार प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली ठेवायची गरज राहिलेली नाही.

१३. वडिलांचं चरित्र लिहिलंय. ते काही प्रसिद्ध नव्हते. घराबाहेर कोण वाचेल?

दोन शक्यता आहेत आणि दोन्ही मानाच्या आहेत. पुस्तक घरासाठीच असेल तर तसंच ठरवा, पन्नास प्रती काढा, त्यात वंशावळ घाला, लग्नाच्या तारखा घाला, सगळ्यांचे फोटो घाला. इथे वाचक आधीच ठरलेला असतो, म्हणून प्रश्न ३ लागू होत नाही.

घराबाहेर जायचं असेल तर वडील कशाचे साक्षीदार होते ते शोधा. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला मिलिटरी अपशिंगे म्हणतात, इतकी घरं तिथे फौजेत गेलेली. अशा गावातल्या हवालदाराचं चरित्र दुसऱ्या फौजी घरांना आपलं वाटेल, पण त्यासाठी वंशावळीची पानं कमी होऊन पत्रांची, रजेची, तारेची पानं वाढायला हवीत. बापाची रजा संपत आल्यावर घरात काय होतं, हे वाचायला अनेक घरं थांबलेली आहेत.

१४. माझे वाचक जिल्ह्यातच नाहीत. आमचे गाववाले गलाईसाठी देशभर पांगलेत. त्यांच्यापर्यंत कसं जाऊ?

हा मला सगळ्यात आनंद देणारा प्रश्न आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या भारतभर गेली. तमिळनाडू, केरळपासून उत्तरेपर्यंत त्यांची दुकानं आहेत. घरात मराठी, दुकानात तिथली भाषा. गावाकडची ओढ घट्ट, पण मुलं बऱ्याचदा दुसऱ्या लिपीत शिकलेली. म्हणून या वाचकाच्या दोन पिढ्या वेगळ्या धरा. थोरल्यांना छापील पुस्तक हवं, ठळक टाइपात. धाकट्यांना मराठी कळतं पण वाचायला वेळ लागतो. त्यांच्यासाठी ऑडिओ करा आणि तो गावच्या माणसाच्या आवाजात करा.

पोचायची वेळ गावच्या यात्रेची. तेव्हा सगळे गावात असतात, निवांत असतात आणि परत जाताना सामानात गावाकडचं काहीतरी नेतात. पुस्तकाचं प्रकाशन यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मंदिराच्या पटांगणात ठेवा.

१५. अभ्यासकांनीही वाचावं आणि सामान्य माणसानंही, असं एकच पुस्तक होऊ शकत नाही का?

कधीकधी होतं, पण बहुतेक वेळा दोन करावी लागतात. आपल्या वाईचंच उदाहरण बघा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली तिथे मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. ज्ञान तेच, तरी मुलांसाठी वेगळा कुमार विश्वकोश करावा लागला. मोठ्यांच्या नोंदी नुसत्या कापून तो झाला नसता. एकच पुस्तक करायचं असेल तर मुख्य मजकूर सामान्य वाचकासाठी लिहा आणि टिपा, दाखले, वाद प्रकरणाच्या शेवटी ठेवा. अभ्यासक टिपा शोधून वाचतो. सामान्य वाचक मात्र मजकुरातली टीप ओलांडून पुढे जायचे कष्ट घेत नाही.

१६. प्रकाशकाला पत्र लिहिताना वाचकाबद्दल काय लिहू?

चार ओळी पुरेत: कोण वाचेल, तो सध्या काय वाचतो, तुमचा त्याच्याशी काय संबंध आहे आणि त्याच्यापर्यंत पोचायला तुम्ही स्वतः काय करणार आहात. "सर्व वयोगटांना आवडेल" हे वाक्य खोडा.

१७. पुस्तक मी एकांसाठी लिहिलं आणि उचललं भलत्यांनीच. आता काय करू?

त्यांच्या मागे जा. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधल्या सीतास्वयंवरामुळे. ते नाटक झालं संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, दरबारासाठी. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, राजाश्रय सुटला आणि भाव्यांची मंडळी बाहेर पडून मुंबईत तिकीट लावून खेळ करू लागली. दरबारासाठी रचलेला खेळ पैसे मोजून आलेल्या गर्दीचा झाला.

तुमच्याबाबतीत असं झालं तर पुढच्या आवृत्तीआधी पत्रं, फोन, अभिप्राय पुन्हा वाचा. आतला मजकूर घाईनं बदलू नका, त्यांनी तो आहे तसाच उचललाय. मलपृष्ठ, जाहिरातीचे शब्द आणि विक्रीच्या जागा बदला. एका लेखिकेनं सुनांसाठी म्हणून लिहिलेलं स्वयंपाकाचं पुस्तक पुण्यात खोली करून राहणाऱ्या मुलग्यांनी जास्त घेतलं. दुसऱ्या आवृत्तीत तिनं फक्त प्रमाणं "चार माणसांसाठी" ऐवजी "दोघांसाठी" केली.

१८. माझ्या वाचकाला आवडणार नाही अशी गोष्ट लिहायची आहे. वाचक धरला म्हणजे त्याच्या मनासारखंच लिहायचं का?

मुळीच नाही. वाचक ओळखायचा तो त्याच्याशी खरं बोलता यावं म्हणून. परक्याला सांगताना आपण एक तर गुळमुळीत बोलतो, नाही तर फटकारतो. ओळखीच्या माणसाला कटू गोष्ट कुठून सुरू करून सांगायची ते आपल्याला समजतं.

विट्याकडचा एक लेखक बाराव्या वर्षी शाळा सोडून गलाईच्या दुकानात कामाला गेला होता. भट्टीची धग, ॲसिडचा धूर, रात्री दुकानातच झोपणं, सगळं त्यानं लिहिलं. पुस्तक त्याच गाववाल्यांसाठी होतं, ज्यांच्या दुकानांत अशी पोरं राहिली. ते प्रकरण काढावं का, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, छापायच्या आधी ज्यांना सगळ्यात जास्त लागेल त्यांना वाचून दाखव. तो चुलत्यांकडे गेला. त्यांचं स्वतःचं दुकान होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक साल दुरुस्त केलं आणि म्हणाले, "त्या शेठचं नाव तेवढं बदल. त्याची लेकरं हायत अजून." नाव बदललं. प्रकरण होतं तसं छापलं.